खलिता घडविणारी पेशी

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत भाद्रपद उजाडण्याच्या कितीतरी महिने आधीपासून जे काम चाललेले असते, त्यात पाहुण्याची नजर सर्वांत कमी वेधणारी आणि तरीही सर्वांत निर्णायक अशी वस्तू म्हणजे साचा होय. मूळ मूर्ती एकदा हाताने घडवावयाची, तिच्यावरून साचा उतरवावयाचा आणि मग त्या साच्यातून शेकडो मूर्ती काढावयाच्या, हा क्रम पेण, हमरापूर, जोहे, जिते या गावांतील कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेला आहे. आणि सोंडेच्या वळणाशी साच्यात केसभर खोट राहिली, तर रंगारी कितीही निष्णात असो, डोळ्यांची आखणी करणारा हात कितीही सिद्ध असो, ती खोट त्या हंगामातल्या प्रत्येक मूर्तीत उतरणार, हे तेथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. एका मूर्तीचा दोष माती लावून बुजविता येतो. साच्याचा दोष शोधून काढावा लागतो, आणि प्रसंगी साचाच मोडावा लागतो. जनुकोपचार नावाच्या ज्या नव्या चिकित्सेविषयी येथे लिहावयाचे आहे, तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न बव्हंशी या साच्याच्या प्रश्नापाशीच येऊन थांबतो; मात्र येथला साचा रबराचा वा प्लास्टरचा नसून जिवंत पेशीचा असतो.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असे वाटण्याचे कारण नाही. रोह्याहून दिव्याकडे जाणारी गाडी पेणवरून पनवेलला येते, आणि तिच्यात कामावर निघालेल्या माणसांच्या गर्दीत, तपासण्यांचे कागद पिशवीत जपून धरलेली, पनवेलला उतरून खारघरची लोकल पकडणारी माणसेही असतात. त्यांना जावयाचे असते ते टाटा स्मारक केंद्राच्या, ॲक्ट्रेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, साठ एकरांत वसलेल्या कर्करोग संशोधन व उपचार केंद्रात; आणि हे खारघर महसुली दप्तराप्रमाणे पनवेल तालुक्यात, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातच मोडते. याच केंद्राच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी भारतातील पहिला कार-टी पेशी-उपचार करण्यात आला. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, काढून घ्यावयाच्या, त्यांत कर्करोगाच्या पेशी ओळखणारे नवे जनुक घालावयाचे, त्यांची संख्या वाढवावयाची आणि त्या पुन्हा त्याच्याच शरीरात सोडावयाच्या, असे या उपचाराचे थोडक्यात स्वरूप आहे. आता प्रश्न असा, की डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीच्या आत, तिच्या केंद्रकापर्यंत, हे नवे जनुक पोहोचवावयाचे कोणी?

मराठेशाहीत एका ठाण्याचा मजकूर दुसऱ्या ठाण्यास पोहोचविण्यासाठी जासूद खलिता घेऊन निघत असे. वाट कशी काढावी, चौकी कशी ओलांडावी, हे त्याचे कसब, आणि आतील मजकुराशी त्याचा यत्किंचितही संबंध नसे. निसर्गात हे कसब कोणाच्या अंगी असेल, तर ते विषाणूच्या. विषाणू म्हणजे प्रथिनांच्या खलित्यात गुंडाळलेला जनुकांचा मजकूर. तो पेशीत शिरतो, आपला मजकूर तिच्या हाती देतो आणि तिच्याकडूनच आपल्या सहस्रावधी प्रती करवून घेतो. वैज्ञानिकांनी विचार केला तो असा, की खलिता तोच ठेवावा, त्यातला रोगकारक मजकूर काढून टाकावा, आणि त्या जागी रुग्णास आवश्यक असलेले जनुक घालावे. असा खलिता पेशीत एकदा शिरेल, मजकूर पोहोचवील आणि तेथेच संपेल. आपल्या प्रती काढण्याचे सामर्थ्य त्याच्यात उरणार नाही. यालाच वाहक विषाणू म्हणतात.

परंतु येथेच एक पेच उभा राहतो. ज्या विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत, तो आपण अब्जावधींच्या संख्येने निर्माण करावयाचा तरी कसा? उत्तर असे, की त्याच्यातून काढून घेतलेली जनुके एका निराळ्या पेशीच्या हवाली करावयाची. ती पेशी प्रयोगशाळेतील पात्रात खलित्याची सारी प्रथिने बनविते, मजकूर आत भरते आणि तयार खलिते बाहेर सोडते. ही उत्पादक पेशी आणि तिच्यापासून विभाजनाने वाढत गेलेला तिचा सारा वंश म्हणजे पेशीवंश, आणि हाच आपला जिवंत साचा. आता या साच्याने खलिते बनवावेत, पण चुकूनही संपूर्ण विषाणू बनवू नये, ही त्याची पहिली कसोटी.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड मान, रिचर्ड मुलिगन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी उंदराच्या पेशींपासून असा एक पेशीवंश तयार केला. त्यामागची युक्ती कचेरीतल्या कोणाही कारकुनास कळण्याजोगी आहे. रेट्रोव्हायरस या वर्गातील विषाणूंच्या मजकुरावर एक विशिष्ट खूण असते. ज्या मजकुरावर ती खूण, तोच खलित्यात भरला जातो. शिक्कामोर्तबावाचून कागद कचेरीबाहेर पडावयाचा नाही, तसेच हे. या तिघांनी पेशीला विषाणूची प्रथिने बनविणारी जनुके दिली खरी, परंतु त्यांच्यावरील शिक्का पुसून टाकला. शिक्का ठेवला तो केवळ उपचाराच्या मजकुरावर. परिणामी पेशी खलिते बनवी, पण त्यांत विषाणूचा स्वतःचा मजकूर जात नसे, जाई तो उपचाराचा.

युक्ती सुंदर होती, पण पुरेशी नव्हती. पेशीच्या आत जनुकांचे तुकडे परस्परांशी जुळतात, सांधले जातात, अदलाबदल करतात. आणि जेथे दोन तुकड्यांत सारखी अक्षरे असतील तेथे हा सांधा विशेष सुलभ होतो. पुसलेला शिक्का अशा एखाद्याच सांध्याने पुन्हा उमटला, की संपूर्ण आणि स्वतःच्या प्रती काढणारा विषाणू जन्मास येतो. हे भय केवळ तर्कातले नव्हते. १९९२ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात नमूद आहे, की अशा रीतीने दूषित झालेल्या वाहकाने संस्कारित केलेल्या अस्थिमज्जेच्या पेशी दहा ऱ्हीसस माकडांना देण्यात आल्या, आणि त्यांपैकी तिघांना लसिकापेशींचा कर्करोग झाला. खोट साच्यात होती, आणि ती उमटली तीन प्राण्यांच्या शरीरात. या विद्येच्या इतिहासात या तीन माकडांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यानंतर उत्पादक पेशीकडे केवळ एक साधन म्हणून पाहणे कोणालाही शक्य राहिले नाही.

मग सुधारणेची दिशा कोणती? रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यात ज्यांनी दोन पाळ्याही काम केले असेल, त्यांना ती सांगावी लागणार नाही. जी दोन द्रव्ये एकत्र येताच भडका उडावयाचा, ती एका गोदामात ठेवावयाची नाहीत. त्यांच्यामध्ये भिंत घालावयाची, अंतर ठेवावयाचे, आणि एक चूक झाली तरी तेवढ्याने अनर्थ घडणार नाही अशी रचना करावयाची. उत्पादक पेशीतही हेच करण्यात आले. १९८८ पासून विषाणूची जनुके दोन निरनिराळ्या तुकड्यांवर विभागून पेशीच्या डीएनएमध्ये निरनिराळ्या ठिकाणी बसविण्याची रीत आली, म्हणजे संपूर्ण विषाणू होण्यास एक सांधा पुरेसा न होता अनेक सांधे एकाच वेळी आणि योग्य त्याच जागी जुळावे लागावेत. पुढे १९९६ साली लुइजी नाल्दिनी आणि सहकाऱ्यांनी एड्सच्या विषाणूपासून लेंटीव्हायरस वाहक बनविला, जो विभाजन न पावणाऱ्या पेशींतही जनुक पोहोचवू शकतो. तेव्हा तर ही विभागणी अधिकच कठोर झाली. १९९८ मध्ये सिद्ध झालेल्या तिसऱ्या पिढीच्या रचनेत एचआयव्हीच्या नऊ जनुकांपैकी केवळ तीनच घेतली जातात, रोग बळावविणारी बाकीची समूळ वगळली जातात, सारा ऐवज चार वेगळ्या प्लास्मिडांवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळाकार तुकड्यांवर, वाटून ठेवला जातो, आणि खलित्याचे बाह्य आवरण तर एचआयव्हीचे नसतेच, ते गुरे-घोड्यांना बाधणाऱ्या एका निराळ्याच विषाणूपासून घेतलेले असते. एड्सच्या विषाणूचे नाव ऐकून ज्यांच्या मनात साहजिकच शंका येईल, त्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे, की या वाहकातून एड्स होण्यास लागणारी सामग्री त्याच्यात नसतेच.

या चार प्लास्मिडांना आश्रय देणारी पेशी बहुधा एकाच घराण्यातली असते. १९७३ साली हॉलंडमधील लायडेन येथे आलेक्स व्हान डर एब यांच्या प्रयोगशाळेत फ्रँक ग्रॅहम यांनी एका मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत ॲडेनोव्हायरस या विषाणूच्या डीएनएचे तुकडे घातले. त्यांच्या प्रयोगांच्या वहीतील तो २९३ वा प्रयोग, आणि म्हणून त्या पेशीवंशाचे नाव एचईके-२९३. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली कोविशील्ड लस याच वंशाच्या पेशींत वाढविलेल्या वाहक विषाणूची होती. म्हणजे पेण-रोह्यातील ज्या सहस्रावधी स्त्रीपुरुषांनी करोनाच्या काळात ती टोचून घेतली, त्यांनी या विद्येचे फळ नकळत स्वीकारलेलेच आहे. परंतु या वंशातही एक उणीव होती. त्या पेशींत ॲडेनोव्हायरसच्या डीएनएची सुमारे ४,३०० अक्षरे कायमची जाऊन बसली, आणि त्या काळच्या ॲडेनोव्हायरस वाहकांशी त्यांतील काही अक्षरे जुळत असल्यामुळे, क्वचित सांधा जुळून प्रजननक्षम विषाणू उत्पन्न होई. त्यावरील उपाय १९९८ साली लायडेनमध्येच, व्हान डर एब यांच्याच सहभागाने निघाला. त्यांनी मानवी भ्रूणाच्या नेत्रपटलातील पेशींत केवळ आवश्यक तेवढेच विषाणूचे जनुक घालून पर.सी६ हा नवा वंश घडविला, आणि वाहकाशी जुळणारे एकही अक्षर त्यात राहू दिले नाही. सांधा जुळण्यास जागाच उरली नाही. ज्या हाताने पहिला साचा केला, त्याच हाताने पंचवीस वर्षांनी त्यातली खोट काढली, हे या क्षेत्रातील एक अत्यंत आदरणीय उदाहरण आहे.

येथे एक सत्य स्पष्टपणे सांगितले पाहिजे. साचा निर्दोष असला म्हणजे सर्व भय संपले, असे नाही. मजकूर कोठे जाऊन चिकटतो, हाही प्रश्न आहेच. पॅरिसमध्ये आलँ फिशर आणि सहकाऱ्यांनी जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांवर रेट्रोव्हायरस वाहकाने उपचार केले आणि २००० साली त्यांचे यश जगाने पाहिले. परंतु पुढे पॅरिसमधील चार आणि लंडनमधील एक अशा पाच मुलांना रक्ताचा कर्करोग झाला, आणि त्यांतील एक दगावले. वाहक ज्या ठिकाणी डीएनएमध्ये शिरला, त्याच्या शेजारचे वाढीचे जनुक वाहकाच्या अंगच्या प्रेरकामुळे अवेळी जागे झाले होते. त्या अनुभवाने, आपले कार्य होताच स्वतःचा प्रेरक गमावून बसणाऱ्या स्वयंनिष्क्रिय वाहकांचा अवलंब वाढत गेला. तथापि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कार-टी औषधांच्या वेष्टनावर टी-पेशींच्या कर्करोगाच्या संभवाविषयी ठळक इशारा छापण्यास सांगितले, हेही खरे आहे. हा संभव अल्प आहे आणि ज्या रुग्णांपुढे दुसरा मार्ग उरलेला नाही त्यांच्यासाठी लाभाचे पारडे जड आहे. परंतु अल्प म्हणजे शून्य नव्हे, आणि वाचकापासून हे लपविणे हा अपराध ठरेल.

आजच्या घडीला प्रयत्न चालला आहे तो कायमस्वरूपी उत्पादक पेशीवंश घडविण्याचा. सध्याच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक बॅचच्या वेळी चारही प्लास्मिडे जिवाणूंमध्ये वाढवून, शुद्ध करून, रसायनाच्या साहाय्याने पेशींत नव्याने घालावी लागतात. त्यामुळे खर्च वाढतो, एका बॅचचा गुण दुसरीशी तंतोतंत जुळत नाही, आणि उरलेल्या प्लास्मिडांचे अवशेष औषधातून काढून टाकण्याचे काम मागे राहते. त्याऐवजी सर्व जनुके पेशीच्या डीएनएमध्ये पृथक् पृथक् स्थानी कायमची बसविली, तर एकच तपासलेला साचा वर्षानुवर्षे वापरता येईल. अडचण ही, की खलित्याच्या आवरणाचे प्रथिन आणि विषाणूचे प्रथिन-छेदक विकर ही दोन्ही खुद्द उत्पादक पेशीलाच विषारी आहेत. ती सतत बनत राहिली तर पेशीच मरून जाईल. म्हणून त्या जनुकांवर एक कळ बसवितात, आणि टेट्रासायक्लिनच्या जातीचे औषध पात्रात घालून वा काढून घेऊन ही कळ हवी तेव्हा फिरवितात; पेशी आधी निर्धास्तपणे वाढू द्यावयाची, आणि संख्या पुरेशी झाली म्हणजे मगच तिला कामाला लावावयाचे. अशा रीतीने सिद्ध झालेल्या वंशाची मूळ पेढी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवतात, तिच्यातून कामाची पेढी काढतात, आणि प्रत्येक बॅचमध्ये प्रजननक्षम विषाणूचा मागमूस नाही ना, हे आठवडेच्या आठवडे पेशी वाढवून पाहतात. मूळ साचा जपून ठेवून कामासाठी त्याचीच प्रत वापरणाऱ्या कारागिराला या शिस्तीत काहीच परके वाटणार नाही.

या विद्येची महाराष्ट्रातील मुळे आजची नव्हेत, जुनी आहेत. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईत १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचा पाया घातला, आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊती-संवर्धनाचे शिक्षण घेऊन, स्वदेशी परतल्यावर त्या केंद्रात भारतातील पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. पेशी शरीराबाहेर काचपात्रात जिवंत ठेवावयाची, तिला अन्न द्यावयाचे, तिला जंतूंपासून राखावयाचे, हे त्या काळी या देशात फारसे कोणाला अवगत नव्हते. ते या बाईंनी प्रथम शिकून घेतले आणि मग शिष्यांना शिकविले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. तेच संशोधन केंद्र २००२ साली खारघरच्या आवारात आले. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांना पेशीवंश पुरविते, तोही याच परंपरेचा विस्तार होय.

म्हणूनच मुंबईच्या आयआयटीतील राहुल पुरवार आणि त्यांच्यासमवेत अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर प्रभृती संशोधकांनी टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांच्या सहकार्याने देशी कार-टी उपचार सिद्ध केला, याचे नवल वाटण्याऐवजी समाधान वाटावे. त्यांच्या चाचण्यांसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि त्याच्या संलग्न संस्थेने १९ कोटी १५ लक्ष रुपये मंजूर केले. आणि विशेष महत्त्वाची गोष्ट ही, की त्याच योजनेत लेंटीव्हायरस वाहकासाठी लागणारी प्लास्मिडे देशात बनविण्याच्या सोयीलाही साहाय्य देण्यात आले. नेक्सकार-१९ या नावाच्या या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये परवाना मिळाला, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवई येथे त्याचे लोकार्पण केले. बी-पेशींच्या ज्या कर्करोगांनी इतर औषधांना दाद दिली नव्हती, त्यांच्या चाचणीत मूल्यमापन झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांत प्रतिसाद आढळला. परदेशात तीन-चार कोटी रुपये पडणारा हा उपचार येथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला, याचे एक प्रमुख कारण वाहक आणि पेशी-संस्करण ही दोन्ही कामे देशातच होऊ लागली, हे होय. तिकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अलोक श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी लेंटीव्हायरस वाहकानेच पाच हिमोफिलिया रुग्णांवर उपचार करून त्याचा वृत्तांत २०२४ साली प्रसिद्ध केला.

तीस लाख ही रक्कमही पेणच्या मूर्तिकाराला किंवा रोह्याच्या कंत्राटी कामगाराला घरदार गहाण टाकावयास लावणारी आहे, हे विसरून चालणार नाही. ती आणखी खाली यावयाची, तर प्रत्येक बॅचला नव्याने साचा बांधण्याचा खर्च संपला पाहिजे. म्हणजे आपल्या देशात, आपल्या परवान्याखाली, तपासून सिद्ध केलेले कायमस्वरूपी उत्पादक पेशीवंश असले पाहिजेत, आणि सरकारने त्यांना रुग्णालयाच्या इमारतीइतकेच सार्वजनिक मालमत्तेचे स्थान दिले पाहिजे. सुरक्षितता आणि स्वस्ताई या एरवी परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टी येथे एकाच साच्यातून निघतात, आणि या विषयाबाबत माझे सांगणे मुख्यतः एवढेच आहे. पेण-रोह्याच्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्र वा जीवशास्त्र घेऊन बाहेर पडणाऱ्या आणि धाटावच्या प्रयोगशाळांत बॅचमागून बॅच तपासून शिस्त अंगी बाणविणाऱ्या तरुणांनी पेशी-संवर्धनाकडे वळावे. ते काम त्यांच्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला चाललेले आहे.

आणि ज्यांच्या घरी हा उपचार होईल, त्यांना एक विनंती. वाहक पेशीच्या डीएनएमध्ये कायमचा बसतो, म्हणून अशा रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवावे अशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची शिफारस आहे, आणि आपल्याकडील २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही दीर्घकालीन पाठपुराव्याची अट आहे. वाहक कोणता, तो कोठे बनला, प्रजननक्षम विषाणूची तपासणी झाली काय, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. घर बदलले, फोन बदलला, तर रुग्णालयाच्या दप्तरी तसे कळवावे. आणि प्रकृती ठणठणीत असली तरी ठरल्या तारखेला ती गाडी पकडून खारघरला जाऊन यावे. पंधरा वर्षांची ती नोंद त्या एका रुग्णाच्या हिताची तर आहेच, पण त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येकासाठी साचा निर्दोष आहे की नाही, हे ठरविणारा पुरावाही तीच आहे.